झाकणाआतली बाई आणि खार: जुन्या स्विस घड्याळावरचा सोन्याचा छाप कसा वाचायचा

जुन्या घड्याळाची डबी सोन्याची आहे का, हा प्रश्न दोन तऱ्हांनी विचारता येतो. एक, हिच्यात सोनं किती आहे? दुसरी तऱ्हा जरा लांबलचक आहे. हिच्यात इतकं सोनं आहे असं कोण म्हणतंय, कधी म्हणतंय, कोणत्या कायद्याखाली म्हणतंय, आणि ते खोटं निघालं असतं तर त्याला कुणापुढे उभं राहावं लागलं असतं? पहिल्याचं उत्तर कसोटीचा दगड देतो, ॲसिडचा थेंब देतो, आजकाल सराफाच्या काउंटरवरचं एक्सआरएफ यंत्र देतं. दुसऱ्याचं उत्तर फक्त छाप देतो.

माझं पीएचडीचं काम धातूंवरच्या पातळ थरांचं. म्हणजे रोजचा संबंध यंत्राशी, आकड्यांशी. सायन्समधून आलेल्या आपल्यासारख्यांना पहिला प्रश्नच खरा वाटतो आणि दुसरा म्हणजे नुसती ऐकीव माहिती. पेट, सेटची तयारी करताना 'प्राथमिक साधन', 'दुय्यम साधन' अशा व्याख्या आपण पाठ करतो, पण साधन हातात घेऊन त्याची उलटतपासणी कशी करायची, हे त्या पुस्तकांत नसतं. घड्याळाच्या झाकणाआतला दोन मिलिमीटरचा छाप त्यासाठी फार सोयीचा आहे. म्हणून ही पोस्ट.

आता 'छाप म्हणजे कुणाची तरी जबाबदारी' ही कल्पना परदेशातून आली असं कुणाला वाटत असेल, तर आपल्याच गावगाड्याकडे बघावं. मराठी मुलखात पोतदार हा हुद्दा होता. सरकारात भरायच्या वसुलीतली नाणी पारखणं हे त्याचं काम, आणि ते बहुतेक सोनाराकडे असे. शेकडो टांकसाळींचे रुपये बाजारात फिरत, कुणाचं वजन कमी, कुणाची चांदी हिणकस. यंत्र नव्हतंच. पोतदारानं 'हे चालेल' म्हटलं की चालायचं. भरवसा धातूवर तर होताच, पण खरा भरवसा होता तो ज्याला उद्या गावातच तोंड दाखवायचं आहे अशा माणसावर. पोतदार हे आडनाव आज ढिगानं सापडतं, कामाची आठवण मात्र गेली. 'बावनकशी', 'सोळा आणे', 'कसाला लागणे' हे शब्द तेवढे जिभेवर राहिले. कस म्हणजे दगडावर ओढलेली रेघ.

हॉलमार्क या शब्दातही हीच गोष्ट आहे. लंडनच्या सोनारांच्या संघाची इमारत, गोल्डस्मिथ्स हॉल. तिथं नेऊन तपासून मारलेला छाप तो हॉलमार्क. इंग्लंडमध्ये १३०० साली पहिल्या एडवर्डच्या काळात कायद्यानं बिबट्याच्या तोंडाचा छाप आला, आणि १४७८ पासून वर्ष सांगणारं अक्षरही ठोकलं जाऊ लागलं. अक्षर कशासाठी? त्या वर्षी तपासणी कुणाच्या हाताखाली झाली ते कळावं, म्हणजे माल खोटा निघाला तर पकडायचं कुणाला ते कळावं. आपल्याला ते अक्षर आज कालनिर्णयासाठी उपयोगी पडतं, पण ते आपल्यासाठी ठोकलेलं नव्हतं. साधन कुणासाठी तयार झालं आणि आपण ते कशासाठी वापरतोय, यातलं अंतर पहिल्यांदा लक्षात घ्यावं ते इथं.

स्वित्झर्लंड या बाबतीत उशिरा जागं झालं. तिथं प्रत्येक कँटनचे, म्हणजे प्रांताचे, आपापले नियम होते. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात अमेरिकन कारखान्यांची यंत्रावर बनलेली घड्याळं बघून स्विस मंडळी हबकली. लाँजीनचे इंजिनियर जाक दाविद यांनी परत येऊन खरमरीत अहवालच लिहिला. बाजार टिकवायचा तर नाव टिकवायला हवं, हे पटण्याचा तो काळ. डिसेंबर १८८० मध्ये संपूर्ण देशासाठी सोन्याचांदीच्या कसाचा कायदा झाला आणि १८८२ पासून तो अमलात आला. घड्याळाची डबी सोन्याची किंवा चांदीची म्हणून विकायची, तर ती सरकारी तपासणी कचेरीत गेली पाहिजे, तिथं तिचा कस तपासला पाहिजे आणि मगच छाप बसला पाहिजे. ला शो-द-फाँ, ल लोक्ल, बील, सँतिमिये, जिनिव्हा अशा घड्याळांच्या गावांत या कचेऱ्या होत्या.

छाप असे ठरले. १८ कॅरट सोन्याला हेल्वेशिया, म्हणजे आपल्या भारतमातेसारखी त्यांची देशमाता, तिचं बाजूनं दिसणारं डोकं. १४ कॅरटला खार. चांदी ०.८७५ कसाची असेल तर उभं अस्वल, ०.८०० ची असेल तर शेपटी पसरलेला ग्राउझ नावाचा रानपक्षी, दिसायला आपल्या रानकोंबड्याच्या जातकुळीतला. अक्षरं न वाचता येणाऱ्यालाही कळावं म्हणून चित्रं. (आपल्या राज्याचा प्राणी शेकरू, तीही खारच. पण सोन्यावर तिला जागा मिळाली ती स्वित्झर्लंडात.) १४ कॅरटच्या डबीवर खारीशेजारी ०.५८३ किंवा ०.५८५ असा आकडा असतो. १४ ला २४ नं भागा, ०.५८३ येतं, ५८५ हा पुढं रूढ झालेला व्यापारी आकडा. १८ ला ०.७५०. चौदाच्या खालच्या सोन्याला त्या कायद्यात अधिकृत चित्रच नाही. त्यामुळे नऊ कॅरटचं, ०.३७५ लिहिलेलं स्विस घड्याळ दिसलं तर ते बहुधा ब्रिटिश गिऱ्हाइकासाठी केलेलं, कारण नऊ कॅरट हा त्यांचा कस.

१९३४ मध्ये नवा कायदा लागू झाला आणि छापांची नक्षी बदलली. बाई राहिली, खार राहिली, पण वळण निराळं. चांदीत ०.९२५ साठी बदक आलं. पुढं १९९५ मध्ये ही सगळी चित्रं गेली आणि सोनं, चांदी, प्लॅटिनम सगळ्यांना एकच छाप आला: सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं, आणि कस शेजारी आकड्यात. म्हणजे नुसत्या चित्रावरून काळाचे तीन कप्पे करता येतात. तंतोतंत साल मात्र स्विस छाप सांगत नाही, लंडनसारखं वर्षाचं अक्षर त्यात नाही. ज्यांना 'हे घड्याळ १९१२ चं' असं एका छापावरून ठामपणे सांगणारे लोक भेटतात, त्यांनी चहा पिऊन निघावं हे बरं.

आणखी एक खूण बारकाईनं बघण्यासारखी आहे. १९२० च्या दशकापासून डबी बनवणाऱ्याची खूणही सक्तीची झाली, पण अनेक कारखान्यांनी आपलं नाव न देता संघटनेचं सामायिक चिन्ह आणि त्यात आपला क्रमांक असा मार्ग काढला. हातोडा आणि त्यावर आकडा, किंवा जिनिव्हाकडची असेल तर किल्ली आणि आकडा. लोक हा आकडा घड्याळाचा नंबर समजतात. तो डबी करणाऱ्याचा नंबर असतो. डबी करणारा वेगळा, मशीन करणारा वेगळा, डायलवर नाव असलेला विकणारा आणखी वेगळा. एका घड्याळात तीन गावांची माणसं बसलेली असतात, आणि छाप त्यातल्या एकाचीच साक्ष देतो. मशीन कितीही भारी असो, त्याचा सोन्याच्या छापाशी संबंध नाही.

आता हे छाप आपल्याकडे कसे आले ते बघू. हट्टा आज हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. १९९९ च्या महाराष्ट्रदिनी हिंगोली वेगळा झाला, त्याआधी परभणी जिल्हा, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य. म्हणजे घड्याळ इकडं यायचं ते मुंबईहून किंवा हैदराबादहून. मुंबईत स्विस व्यापाऱ्यांनी लवकर पाय रोवले होते. फाव्र-ल्यूबा घराण्यातला फ्रिट्झ फाव्र १८६५ मध्ये हिंदुस्थानात आला आणि त्या घराण्याची मुंबईची पेढी पुढं शंभर वर्षं गाजली. आपल्या आजोबांच्या पिढीत 'फेवरलुबा' म्हणत ते हेच. वेस्ट एंड वॉच कंपनी तर १८८० च्या दशकात मुंबईतच उभी राहिली, माल सँतिमियेचा, बाजार इकडचा. डायलवर 'बॉम्बे–कलकत्ता' छापलेलं, मॉडेलचं नाव 'सोवार', म्हणजे आपला स्वार. लष्कर, रेल्वे, पोस्ट असल्या खात्यांतल्या माणसांकडे ही घड्याळं असत. त्यांत सोन्याची फार थोडी. निकेल, चांदी आणि पुढं स्टील हाच मुख्य माल. जुन्या पेटीतून निघालेलं खिशातलं घड्याळ सोन्याचं असण्यापेक्षा ०.८०० चांदीचं असण्याची शक्यता कितीतरी जास्त, हे आधीच मनाशी धरावं.

इथं एक गोष्ट संशोधनाच्या दृष्टीनं मला सगळ्यात रंजक वाटते. ब्रिटननं १८८७ चा मालचिन्हांचा कायदा केला तेव्हा स्विस कारखानदारांनी त्या बाजारासाठी ०.९३५ ची चांदी काढली, तिच्यावर तीन अस्वलं. आणि १ जून १९०७ पासून ब्रिटननं परदेशी घड्याळांच्या डब्या ब्रिटनमध्येच पुन्हा तपासून छापायची सक्ती केली. हिंदुस्थान ब्रिटिश सत्तेखाली होता, तरी इथं अशी तपासणी नव्हती. सोन्याच्या डागिन्याला सरकारी छाप हा प्रकारच नव्हता. म्हणजे स्वित्झर्लंडहून थेट मुंबई बंदरात उतरलेल्या घड्याळावर फक्त बाई किंवा खार. आणि १९०७ नंतरच्या ज्या डबीवर बाईच्या जोडीला लंडन, बर्मिंगहॅम किंवा ग्लासगोचा छाप आणि वर्षाचं अक्षर आहे, ते घड्याळ बहुधा आधी विलायतेत उतरलेलं. कुणी शिकायला गेलेला घेऊन आला असेल, साहेबाकडून बक्षीस मिळालं असेल, नाहीतर मुंबईच्या दुकानात दुसऱ्या हातानं आलं असेल. त्यातलं नेमकं काय, ते छाप सांगणार नाही. पण 'आजोबांनी मुंबईत नवं घेतलं' या घरातल्या गोष्टीला तो प्रश्न विचारू शकतो. एका दस्तानं दुसऱ्या दस्ताला प्रश्न विचारणं, संशोधनात वेगळं काय असतं?

हट्ट्यात एका घरी असं खिशातलं घड्याळ मला बघायला मिळालं. घरच्यांनी नाव लिहू नका म्हटलंय. दोन पिढ्यांपूर्वी त्या घरात वाटण्या झाल्या तेव्हा एका भावाकडे आईची बोरमाळ गेली आणि दुसऱ्याकडे 'सोन्याचं घड्याळ'. दोन्ही बरोबरीचं धरलं होतं. घड्याळवाल्या शाखेतल्या पोराला आता कॉलेजची फी भरायला ते मोडायचं होतं, आणि मोडण्याआधी काकूंना कुणीतरी 'शिकलेल्यानं' बघावं असं वाटलं. डबीच्या कडा पिवळ्याधमक, मधला भाग काळवंडलेला. घड्याळजीच्या आयग्लासमधून मागचं झाकण आतून बघितलं. शेपटी पसरलेला पक्षी. शेजारी ०.८००. चांदीची डबी आणि कडांना सोन्याचा मुलामा, त्या काळी सर्रास निघणारा प्रकार. काकूंनी एकच विचारलं, "मग वाटणीच्या वेळी ह्यांच्या थोरल्या काकांना ठाऊक होतं का?"

छाप याचं उत्तर देत नाही. तो झाकणाच्या आतल्या बाजूला असतो. रोज चावी देणाऱ्याला तो दिसत नाही, दुरुस्तीला दिलं की घड्याळजीला दिसतो. थोरल्या काकांनी ते दुरुस्तीला नेलं होतं का, नेलं तर घड्याळजी बोलला का, हे शोधायला आता माणसं नाहीत. मी काकूंना छाप काय म्हणतो तेवढं सांगितलं. थोरल्यांच्या मनात काय होतं, यावर छापाच्या नावाखाली मत देणं मला बरं वाटलं नाही. पुरावा जिथं संपतो तिथं आपण थांबायचं असतं हे वर्गात ऐकायला सोपं जातं. समोर काकू बसलेल्या असल्या की ते अवघड होतं.

तर प्रत्यक्ष बघायचं कसं? मागचं झाकण घड्याळजीकडूनच उघडून घ्या, सुरीनं नाही. खिशातल्या घड्याळाला मागं बरेचदा दोन झाकणं असतात, बाहेरचं आणि मशीनवरचं आतलं. दोन्हींवर वेगवेगळं बघायचं. बाहेरचं १८ कॅरट आणि आतलं साधं पितळ, असं पुष्कळ वेळा असतं, आणि प्रामाणिक कारखानदार त्या आतल्या झाकणावर रोमन लिपीत 'मेताल' असं लिहून ठेवतो. म्हणजे हे सोनं नव्हे. आपल्याकडं ते कंपनीचं नाव समजून सोडून देतात, आणि वजन करताना सगळंच सोन्यात धरतात. स्विस पद्धतीत जो भाग सोन्याचा, त्या भागावर छाप असायला हवा. अडकवायच्या कडीच्या बुडाशीही बारीक छाप सापडतो. प्रकाश तिरका पाडा. समोरून पाडलात तर चकाकीत काही दिसत नाही.

आतल्या झाकणावर मोठाल्या पदकांची चित्रं कोरलेली असतात: पॅरिस १९००, ग्राँ प्री वगैरे. ती कंपनीला प्रदर्शनात मिळालेल्या बक्षिसांची जाहिरात. पदक सोन्याचं होतं, घड्याळ नाही. '१७ रुबी' वाचून डोळे मोठे करणारेही आहेत. ती मशीनमधली दगडी खाचणी, विसाव्या शतकात बहुतेक कृत्रिम माणकाची, किमतीनं कवडीमोल. नुसतं '१८ के' लिहिलंय पण चित्र नाही, तर सावध व्हा. आकडा कुणीही ठोकू शकतो.

मनगटी घड्याळांत मुख्य घोळ मुलाम्याचा. १९५० ते ७० या काळात लग्नात जावयाला घड्याळ देण्याची पद्धत रुळली, आणि ती पिवळी घड्याळं आज 'सोन्याची' म्हणून कपाटात आहेत. मागं बघितलं तर फ्रेंचमध्ये 'फाँ आसिए इनॉक्सिदाब्ल', म्हणजे पाठ गंज न चढणाऱ्या स्टीलची, आणि लग्ज म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगांच्या मागं '१० मायक्रॉन' किंवा '२० मायक्रॉन'. ही मुलाम्याची जाडी. गणित करून बघा. पाठ स्टीलची, तेव्हा सोनं फक्त वरच्या कड्यावर आणि शिंगांवर. क्षेत्रफळ दहा चौरस सेंटिमीटर धरू. २० मायक्रॉन म्हणजे ०.००२ सेंटिमीटर. गुणाकार ०.०२ घन सेंटिमीटर. अशा सोन्याची घनता साधारण १५ धरली तर ०.३ ग्रॅम. तेही ठिकठिकाणी झिजलेलं. यालाच घरात 'रोलगोल' म्हणत, पण रोल्ड गोल्ड म्हणजे पितळेवर सोन्याचा पत्रा दाबून बसवलेला, आणि हा विजेनं चढवलेला थर. पद्धत वेगळी, सराफाच्या लेखी दोघांचा भाव सारखाच.

आणि इथंच यंत्राची गंमत आहे. एक्सआरएफ यंत्र क्ष-किरण टाकतं आणि धातूतून परत येणाऱ्या किरणांवरून घटक सांगतं. सोन्यासारख्या जड धातूत ते किरण साधारण वरच्या दहा-एक मायक्रॉनमधूनच बाहेर येतात. खालचं त्याला दिसतच नाही. म्हणजे न झिजलेला २० मायक्रॉनचा मुलामा असेल तर यंत्र बेधडक '१८ कॅरट' सांगेल. यंत्र खोटं बोलत नाही. त्यानं जे बघितलं ते १८ कॅरटच आहे. पण शिंगामागं कारखान्यानं लिहिलेली '२० मायक्रॉन' ही दोन अक्षरं त्या वेळी लाखोंच्या यंत्रापेक्षा जास्त सांगतात. उलटही खरं. बाईचा छाप खोटा ठोकलेला असू शकतो, आणि तो झिजलेल्या कडेवर यंत्र लावलं की उघडा पडतो. आमच्या क्षेत्रात साक्ष विरुद्ध मोजमाप असं भांडण लावायची हौस फार आहे. मला वाटतं एकमेकांना तपासायला दोन्ही हवेत, आणि तपासायचा क्रम मात्र ठरलेला असावा: आधी वाचा, मग मोजा. कारण वाचल्याशिवाय कुठं मोजायचं तेच कळत नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत करता येण्याजोगा एक उपायही आहे. झाकण पूर्ण सुटं करता आलं तर आर्किमिडीजच्या पद्धतीनं हवेत आणि पाण्यात वजन करा. पितळ ८.५ च्या आसपास, १४ कॅरट सोनं १३ च्या जवळ, १८ कॅरट १५ ते १६. मुलामा कितीही जाड असो, घनता फसत नाही. कसोटीच्या दगडावर घासायचं, ॲसिडचा थेंब टाकायचा हे टाळा. छापाजवळ तर नकोच.

मुंबईहून आलेल्या जुन्या घड्याळांना आणखी एक सावधगिरी लागते. जगभरच्या शौकिनांत 'मुंबई स्पेशल' असा एक शब्द आहे, कौतुकाचा नाही. जुनी स्विस घड्याळं मोडून एकाचं मशीन, दुसऱ्याची डबी, आणि डायल नव्यानं रंगवलेलं, वर हवं ते नाव. कारागिराचं कौशल्य त्यात असतंच, बंद पडलेलं घड्याळ चालू होतं, गरिबाच्या हातात स्वस्तात येतं. पण इतिहासाचं साधन म्हणून ते म्हणजे तीन पोथ्यांची पानं एकत्र शिवलेली पोथी. खारीचा छाप त्यात खरा असू शकतो, आणि डायलवरचं नाव गेल्या वर्षीचं. प्रत्येक भागाची साक्ष त्याच्यापुरती.

आता मोडीच्या प्रश्नाकडं. भारतात बीआयएसची सोन्याच्या हॉलमार्कची योजना २००० मध्ये सुरू झाली. जून २०२१ पासून पहिल्या टप्प्यात २५६ जिल्ह्यांत ती सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांकाशिवाय दागिना विकता येत नाही. पण सक्तीतून काही गोष्टी वगळल्या आहेत: कुंदन, पोलकी, जडाऊ, फाउंटन पेन आणि घड्याळं. वर्षाला चाळीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सराफांनाही सूट आहे. म्हणजे हट्ट्यासारख्या गावात छोट्या सराफाच्या काउंटरवर जुनं सोन्याचं घड्याळ आलं, तर दोन्ही बाजूंनी ते कायद्याच्या छपराबाहेर. त्याच्यावरचा एकमेव सरकारी शब्द म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या परदेशी कचेरीतली ती बाई. आणि ती कोण, हे सराफाला ठाऊक नसतं. तो टंच काढायला मशीन बाहेर काढतो आणि डबी मुशीत टाकतो. त्याच्या धंद्याच्या हिशेबानं ते बरोबरच आहे.

गंमत अशी की परदेशी छापावर आपल्या बाजाराचा अविश्वास कधीच नव्हता. सोन्याच्या चोरट्या आयातीच्या काळात दहा तोळ्यांचं, म्हणजे ११६.६४ ग्रॅमचं, बिस्किट झवेरी बाजारात फिरे. त्यावरचा लंडनच्या किंवा स्विस शुद्धिकरण कारखान्याचा ठसा बघून सोनं हातोहात जाई, दगड कुणी काढत नसे. मग खारीला का नाही मान? त्याचं एक कारण कॅरट. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण आणलं आणि १४ कॅरटवरचे नवे दागिने करायला बंदी घातली. सोनारांच्या हातचं काम गेलं, कित्येक घरं उघड्यावर आली. १९६६ मध्ये कॅरटची ती अट उठली, १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. पण 'चौदा कॅरट' हा शब्द त्या पिढीला जो कडू झाला तो झालाच. स्वित्झर्लंडात जी खार प्रामाणिकपणाची खूण, तिचं सोनं इथं 'हिणकस' ठरलं. धातू तोच, टक्केवारी तीच, अर्थ निराळा. हा भाग मला यंत्रानं कधीच सांगितला नसता.

हिंगोलीच्या पाच तालुक्यांतल्या पेट्यांतून अशी किती घड्याळं अजून आहेत याची कुठं नोंद असण्याचं कारण नाही, आणि सोन्याचा भाव चढला की ती पहिल्यांदा मोडीत जातात. फीसाठी, दवाखान्यासाठी घरानं मोडलं तर त्यात चूक काही नाही. घड्याळ त्यांचं आहे. आपल्यापैकी कुणाच्या घरी, शेजारी असं मोडायला निघालं, तर अर्धा तास मागून घ्या. सुट्या झाकणाचं वेगळं वजन लिहा. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून, टॉर्च आडवा धरून, आतल्या प्रत्येक छापाचा फोटो काढा. बाई कोणत्या बाजूला बघते तेही लिहा. हातोडा किंवा किल्ली असेल तर आतला आकडा. घड्याळजी झाकणाच्या आत टोकदार सुईनं दुरुस्तीच्या बारीक खुणा कोरून ठेवतात, तारखा किंवा त्यांचे स्वतःचे नंबर. त्याही टिपा, इकडच्या हातांची नोंद तेवढीच उरलेली असते. कोणत्या गावातून, कुणाकडून घरात आलं असं सांगतात, ते त्यांच्याच शब्दांत. आणि 'जरा चमकवून देतो, भाव चांगला येईल' असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. बफिंगच्या एका फेरीत खारीची शेपटी जाते, दुसऱ्या फेरीत आकडा.